बालगृहातील रुपया

चारचौघांच्या घरात वाढणाऱ्या मुलाला पैशाचे शिक्षण कोणी मुद्दाम देत नाही, आणि तरीही दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत ते पुष्कळसे झालेले असते. महिनाअखेरीस आईच्या बोलण्यात उतरणारी काटकसर, वाण्याकडचे उधारीचे खाते, ‘पगार झाल्यावर बघू’ असे म्हणून पुढे ढकललेली सायकल, कोथिंबिरीची जुडी आणावयास दिलेल्या नोटेतून उरलेली मोड परत करताना द्यावा लागणारा तोंडी हिशेब, थोरल्या बहिणीच्या फीसाठी मोडलेली मुदतठेव, या सर्वांतून वस्तूला किंमत असते, घरच्या मिळकतीला मर्यादा असते, आणि आपल्या हट्टाचा भार घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी पडतो, ही समज त्याच्या अंगी नकळत मुरत जाते. धर्मादाय संस्थेने चालविलेल्या बालगृहातील मुलाच्या वाट्याला नेमके हेच येत नाही. तिथे तांदूळ पोत्याने येतो आणि कोठीत जातो. कपडे दिवाळीच्या सुमारास गठ्ठ्याने येतात. वह्या जून महिन्यात वाटल्या जातात. घंटा होते आणि ताट समोर येते. टंचाई तिथेही असते, किंबहुना सामान्य गृहस्थाच्या घराहून ती अधिक असते; परंतु तिचे वास्तव्य अधीक्षकांच्या दफ्तरात, अनुदानाच्या थकलेल्या हप्त्यात आणि विश्वस्तांच्या सभेच्या इतिवृत्तात असते. मुलापर्यंत तिची झळ पोहोचते, कारण पोहोचत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे मूल अठराव्या वर्षी प्रौढ होते. ‘बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५’ याच्या ४६ व्या कलमान्वये संस्था सोडून जाणाऱ्या मुलाला समाजात मिसळणे सुकर व्हावे म्हणून आर्थिक साहाय्य देता येते. अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या देखभालीची, सोय सामान्यतः एकविसाव्या आणि अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत करता येते. आणि केंद्र शासनाच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. परंतु जो मुलगा सतरा वर्षे आणि अकरा महिने होईपर्यंत तूरडाळीचा भाव जाणत नव्हता, ज्याने दिव्याचे बिल कधी पाहिले नव्हते, त्याला अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खोलीची अनामत, अकरा महिन्यांचा भाडेकरार, गॅसची शेगडी, खाणावळीचे आगाऊ पैसे आणि नोकरीवर जाण्याचा पास या गोष्टी एकदमच कळाव्यात, ही अपेक्षा कोणत्या हिशेबात बसते? शिवाय घरमालक वडिलांचे नाव आणि कायमचा पत्ता विचारतो, तो वेगळाच प्रसंग. घरच्या मुलाला पैशाच्या बाबतीत चूक करण्याची मुभा असते, कारण त्याच्या पाठीमागे घर असते. संस्थेतल्या मुलाची पहिली चूक त्याला एकट्यालाच निस्तरावी लागते.

या अडचणीचे मूळ पुष्कळदा संस्थेच्या सद्भावनेतच असते. ‘बिचाऱ्यांना आधीच काय कमी भोगावे लागले आहे, त्यांत पैशाची विवंचना कशाला,’ हा विचार दयाळू अंतःकरणातूनच निघतो. दात्यांचेही तसेच आहे. आपल्या मुलाचा वाढदिवस बालगृहात साजरा करावयाचा, श्रीखंड-पुरीचे जेवण घालावयाचे, मुलांकडून टाळ्या वाजवून घ्यावयाच्या आणि छायाचित्र काढून परतावयाचे, ही प्रथा आता इतकी रूढ झाली आहे की शहरातील काही संस्थांत मुलांना सणासुदीच्या आठवड्यात गोडाचा वीट येतो आणि एरवीच्या दिवसांत भाजीत मीठ आहे की नाही हे विचारण्याचाही अधिकार त्यांना नसतो. मिळेल ते घ्यावे आणि ‘थँक यू’ म्हणावे, एवढेच वळण अशा समारंभांतून लागते. निवड करणे, नाकारणे, थांबणे, दोन वस्तूंमधून एक घेऊन दुसरीवाचून भागविणे, या ज्या पैशाच्या व्यवहारातल्या खऱ्या क्रिया, त्यांचा तिथे स्पर्शही नसतो. मला विचाराल तर एका जेवणावळीच्या खर्चात दहा मुलींना दुकानात नेऊन प्रत्येकीस ठरावीक रकमेत आपल्या पसंतीची चप्पल घेऊ दिली, तर ते दान अधिक सत्कारणी लागेल. मग त्यातल्या दोघींनी टिकाऊ सोडून चकचकीत चप्पल घेतली आणि ती पावसाळ्यात तुटली, तरी हरकत नाही.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. पुण्यासारख्या ठिकाणी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून शिकत, त्या काळात अन्न देणाराचे उपकार आणि घेणाराची लाचारी यांचा संबंध अनेकांना जाचत होता, आणि त्या जाचातूनच स्वावलंबी वसतिगृहाची कल्पना पुढे आली असे म्हणावयास जागा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली व विधवा यांच्यासाठी पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदन वसविले, तेव्हा तिथे केवळ निवारा आणि प्रार्थना यांवर भागविले नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते आणि छापखाना ही सगळी कामे तिथल्या स्त्रिया शिकल्या, आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे कामही त्यांच्याच हातून झाले. ज्या बाईला गावाने ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून घराबाहेर काढले होते, तिच्या हातची मजकुराची पाने बांधून बाहेर पडू लागली, यातला पालट कोणत्याही प्रवचनाने झाला नसता.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १९१९ साली काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्यास आली. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून एका पंगतीत जेवतील असे वसतिगृह त्यांनी चालविले, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. मुलांनीच स्वयंपाक करावयाचा, पाणी भरावयाचे, झाडलोट करावयाची, शेतात राबावयाचे, ही तिथली वहिवाट होती. बोर्डिंगातल्या मुलांच्या शिध्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, ही हकीकत सातारा भागात आजही सांगितली जाते; पण ती सांगताना तिचा करुण भागच तेवढा सांगितला जातो. कोठीत धान्य नाही, ते सोने मोडून आणले आहे, आणि ते अमुक दिवस पुरवावयाचे आहे, याची वार्ता ज्या घरात मुलांपासून लपत नाही, त्या घरातील मुले अन्न कसे खातील आणि ताटात काय टाकतील, याचा विचार आपण करीत नाही. पुढे १९४७ मध्ये निघालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजली ती याच भूमीत.

अर्थात या जुन्या उदाहरणांचा दाखला देऊन आजच्या बालगृहात मुलांना राबवून घेण्याचा परवाना कोणी काढू नये. भांडी घासणाऱ्या बाईचा पगार वाचावा म्हणून आठव्या इयत्तेतल्या मुलींकडून पन्नास माणसांची भांडी घासून घेणे आणि त्याला ‘जबाबदारीचे शिक्षण’ असे गोंडस नाव देणे, हा प्रकार कायद्याने निषिद्ध आहे, आणि तो नसता तरी लज्जास्पदच ठरला असता. कसोटी सोपी आहे. काम मुलाच्या वाढीसाठी नेमले आहे की संस्थेच्या बचतीसाठी, हे पाहावे. आणि ते पाहावयाचे तर मुलगे काय करतात आणि मुली काय करतात याची रुजवात घालावी. जिथे मुलग्यांकडे बागेला पाणी घालणे आणि मुलींकडे पोळ्या लाटणे अशी वाटणी असते, तिथे शिक्षण एकाचेही होत नाही.

कामाला मोबदला द्यावा की नाही, यावर संस्थाचालकांत दुमत आढळते. काहींच्या मते प्रत्येक कामाला पैसे दिले की मुलांना मोल कळते; काहींना त्यात सेवावृत्तीचा ऱ्हास दिसतो. माझ्या समजुतीप्रमाणे आपले ताट, आपले अंथरूण, आपले कपडे आणि पाळीने येणारी खोलीची झाडलोट यांचे पैसे कोणत्याही घरात मिळत नाहीत, तसे ते बालगृहातही मिळू नयेत. पण मोठ्या मुलाने सुट्टीत स्वखुशीने वाचनालयातील पुस्तकांना पुठ्ठे चढविले, किंवा मुलींनी आकाशकंदील करून विकले, तर त्याचा मोबदला त्यांच्या हातात, त्यांच्या नावावर आणि त्यांच्यादेखत पडला पाहिजे. दिवाळीत विकलेल्या पणत्यांचे उत्पन्न ‘संस्थेच्या निधीत’ जमा होते आणि पणत्या रंगविणारांना एकेक पेन मिळते, ही रीत मला कधीच पटलेली नाही.

पण मोबदल्याच्याही आधी एक गोष्ट येते, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ती म्हणजे मालकी. ज्या मुलाचे स्वतःचे असे काहीच नाही, त्याला दुसऱ्याच्या वस्तूची चाड कशी वाटावी? सामाईक कपाटातून हाताला येईल तो सदरा घालावयाचा, धुण्यातून परत येईल तो टॉवेल वापरावयाचा, असे वाढलेल्या मुलाने शेजारच्याचा कंपासपेटीतला रबर उचलला, तर त्याला चोर ठरविण्याची घाई होते; वास्तविक ‘माझे’ आणि ‘तुझे’ यांतली रेषा त्याला कोणी आखूनच दिलेली नसते. पोलंडमधील डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १९१२ पासून वॉर्सा शहरात ज्यू अनाथ मुलांचे गृह चालविणाऱ्या या गृहस्थांनी मुलांच्या खिशातील दोरा, खडा, मोडकी पेन्सिल यांना केर न मानता त्यांची संपत्ती मानले, हरवलेल्या वस्तूंसाठी काचेचे कपाट ठेवले, आणि तंटे मिटविण्यासाठी मुलांचेच न्यायालय स्थापिले, ज्याच्या संहितेतील बहुतेक कलमे क्षमेची होती. या न्यायालयापुढे मोठ्यांवरही फिर्याद करता येत असे, आणि डॉक्टरसाहेब स्वतः आरोपी म्हणून त्याच्यापुढे उभे राहिले होते. १९४२ च्या ऑगस्टात नाझींनी मुलांना ट्रेब्लिंकाच्या छावणीकडे नेले, तेव्हा सुटकेची संधी नाकारून ते त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या त्या मरणाने त्यांचे नाव जगभर झाले, पण कुलूप लावता येईल अशी एक लहानशी पेटी प्रत्येक मुलाला असावी, यासारखा त्यांच्या रोजच्या कामातून निघणारा धडा मात्र मागे पडला. आपल्याकडील बालगृहांत अशी पेटी देण्यास पत्र्याच्या किमतीपलीकडे काही लागत नाही. अडचण येते ती किल्लीची: ती अधीक्षकांच्या जुडग्यात राहावी की मुलाच्या गळ्यातल्या दोऱ्यात, यावरून त्या संस्थेची पारख करावी.

पैशाच्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळावयाचे तर दिल्लीच्या ‘बटरफ्लाइज’ या संस्थेने २००१ च्या सुमारास रस्त्यावरील व श्रमजीवी मुलांसाठी सुरू केलेला बाल विकास खजाना हा प्रयोग आवर्जून पाहण्यासारखा आहे. तिथे मुलेच ठेवी ठेवतात आणि मुलांनीच आपल्यातून नेमलेला व्यवस्थापक पासबुकात नोंद करतो, पैसे मोजतो, संध्याकाळी शिल्लक जुळवितो. मोठ्या मुलांना उद्योगासाठी कर्ज हवे असेल तर अर्जाचा विचार मुलांचीच समिती करते. रात्री उशाखाली ठेवलेले पैसे चोरीला जातात किंवा पत्त्यांत उडतात, हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनीच ही तिजोरी सांभाळावी, ही कल्पना कोणत्याही सनदी अधिकाऱ्याला सुचली नसती. मुंबईत १९९१ साली जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘मेळजोल’ या संस्थेने शाळांतून मुलांच्या बचत बँका चालविल्या, आणि त्यातूनच पुढे ‘अफलातून’ हा कार्यक्रम अनेक देशांत गेला. जुन्या पिढीतल्या वाचकांना आपल्या शाळेतली संचयिका आठवेल. तिचीच ही अधिक धीट भावंडे.

बँकेचे दारही आता पूर्वीइतके बंद नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील सूचनेप्रमाणे दहा वर्षांवरील मुलाला, बँकेने घातलेल्या मर्यादेत, आपले बचत खाते स्वतः चालविता येते. टपाल कचेरीतही दहा वर्षांवरील मुलाच्या नावाने खाते उघडता येते. पण पुष्कळ ठिकाणी होते असे, की खाते निघते, पासबुक दफ्तरात बंदोबस्ताने ठेवले जाते, आणि मुलाला ते अठराव्या वर्षी, संस्थेचा निरोप घेताना, प्रथम दिसते. त्यात रक्कम असेल, शिक्षण नाही. महिन्यातून एकदा तरी मुलाने स्वतः स्लिप भरावी, रांगेत उभे राहावे, सही चुकली म्हणून परत यावे आणि पुन्हा जावे. त्याने पैसे काढावेत हेही तितकेच अगत्याचे आहे. आपल्या संस्थांत बचतीचे कौतुक फार आणि खर्चाचे भय त्याहून फार. शंभर रुपये साठविणारा गुणी आणि त्यांतले चाळीस पतंग-मांज्यावर उडविणारा उधळ्या, असा शिक्का मारला की मुले खर्च लपवावयास शिकतात. आणि ज्याला लहानपणी चाळीस रुपये वाया घालवू दिले नाहीत, त्याला मोठेपणी चाळीस हजारांचा मोबाइल हप्त्याने घेताना कोण अडविणार? अलीकडे तर मोबाइलवर घटकाभरात कर्ज मंजूर होते, आणि अनोळखी माणसाला ओटीपी सांगितला की साठविलेले क्षणात जाते. हे धोके सोळाव्या वर्षी, विचारावयास ताई किंवा सर जवळ असताना, शे-दोनशे रुपयांच्या व्यवहारात कळलेले बरे.

याहूनही पुढे जाऊन संस्थेने आपला जमाखर्च मुलांपुढे मांडावा, असे मला वाटते. बाल न्याय अधिनियमाखालील २०१६ च्या आदर्श नियमांनी प्रत्येक बालगृहात सहा ते दहा, अकरा ते पंधरा आणि सोळा ते अठरा अशा वयोगटांच्या बालसमित्या असाव्यात असे सांगितले आहे. कित्येक ठिकाणी त्या सहल कुठे न्यावी एवढे ठरविण्यापुरत्या उरतात. त्या समितीतल्या मोठ्या मुलांनी आठवड्याचा भाजीबाजार स्वयंपाकाच्या मावशींबरोबर जाऊन करावा, तसलमात म्हणून घेतलेल्या रकमेचा हिशेब रोजकीर्दीत आपल्या हाताने लिहावा, दिव्याच्या मीटरवरचा आकडा महिन्याच्या एका ठरावीक तारखेस टिपावा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि त्यापुढचा बराच चढा असतो, हे ज्याने नमुन्याच्या एका बिलावर गणित करून पाहिले, त्याला रिकाम्या खोलीतला पंखा बंद करण्यासाठी भिंतीवर सुविचार लिहिण्याची गरज उरत नाही. अनुदान थकले असेल तर तेही त्यांना सांगावे. भीती अशी घातली जाते की मुले धास्तावतील. त्यांना न सांगताही ती धास्तावलेली असतात. दुधात पाणी वाढल्याचे त्यांच्याइतके लवकर कोणाला कळते? अर्थात जमाखर्च मुलांपुढे मांडावयाचा म्हणजे देणगीदाराने दिलेले गहू कुठे गेले हा प्रश्नही ती विचारणार, आणि काही व्यवस्थापनांचा खरा संकोच तिथे असतो.

कोविडने या विषयाला एक अनपेक्षित तातडी आणली आहे. त्या साथीत आईवडील दोघेही गेलेल्या मुलांना ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ योजनेप्रमाणे वयाच्या तेविसाव्या वर्षी १० लाख रुपये मिळावयाचे आहेत आणि अठरा ते तेवीस या काळात त्याच रकमेतून मासिक विद्यावेतन. महाराष्ट्र शासनानेही अशा मुलांच्या नावे ५ लाख रुपयांची मुदतठेव ठेवली आहे, जी व्याजासह एकविसाव्या वर्षी हाती पडेल. यांतली पुष्कळ मुले नातेवाइकांकडे आहेत, काही संस्थांत. एकविसाव्या-तेविसाव्या वर्षी एवढी रक्कम हाती येणाऱ्या मुलीला तोवर जवळ न फिरकलेला चुलता आठवेल, दामदुप्पट देणारा एजंट भेटेल, आणि लग्नाची स्थळेही सांगून येतील. शासनाने ठेव सुरक्षित केली हे उत्तमच. ठेवीचा धनी तयार करण्याचे काम मात्र कोणाच्या मंजूर खर्चपत्रकात दिसत नाही. २०१८ पासून महाराष्ट्रात अनाथ मुलांना शासकीय नोकरीत आणि शिक्षणात एक टक्का आरक्षण आहे, त्यामुळे संस्थेतून निघून थेट सरकारी पगारावर जाणारी मुलेही आता असतील. त्यांच्या पहिल्या पगारावर डोळा ठेवणारे मित्र आणि त्या पगारातून संस्थेचे ऋण फेडावे अशी मूक अपेक्षा करणारे हितचिंतक, या दोहोंना ‘नाही’ म्हणण्याचा सराव त्यांना कुठे मिळाला असेल?

अठरा वर्षांवरील मुलांसाठी आदर्श नियमांनी सहा ते आठ जणांनी मिळून राहावयाच्या गटघरांची कल्पना मांडली आहे, ती माझ्या मते या सर्व खटाटोपातली सर्वांत मोलाची. परंतु अशा घरात संस्थेतूनच डबा पाठविला, रात्री आठाला फाटक लावले आणि भाडे परस्पर भरून टाकले, तर ते बालगृहच राहील, फक्त दाढी आलेल्या मुलांचे. तिथल्या रहिवाशांनी भाड्याचा, दिव्याचा आणि गॅसचा वाटा आपसांत ठरवून दरमहा ठरावीक तारखेस भरावा, आणि त्याची वही त्यांच्यातल्याच एकाने ठेवावी. एखाद्याची नोकरी सुटली आणि दोन महिने त्याचा वाटा आला नाही, तर काय करावे, हा प्रश्न येतोच. त्याला घराबाहेर काढू नये, कारण त्याला परत जावयास दुसरे घर नाही. आणि रक्कम माफही करू नये. ती त्याच्या नावे उसनी म्हणून वहीत मांडावी, बाकीच्यांनी ती वाटून भरावी, आणि नवी नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात किती आणि पुढच्यांत किती फेडावयाचे, हे त्याने आपल्या तोंडाने सांगून त्याखाली सही करावी.